फरसबंदीचे अंदाजपत्रक : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मठाचे प्रांगण भक्तजनांच्या दानातून फरसबंद होते आणि त्यांच्याच अनवाणी पावलांखाली येते. यास्तव कंत्राटदारांची अंदाजपत्रके पारखणे हा केवळ हिशेबाचा नव्हे, तर विश्वस्तधर्माचा विषय होय.

हा विवेक फार जुना आहे. दक्षिण इटलीत हेराक्लियाजवळ १७३२ साली सापडलेल्या काशाच्या पत्र्यावर इ. स. पू. पहिल्या शतकातील रोमन कायदा कोरलेला आहे. घरापुढील रस्त्याची निगा घरमालकाने राखावी. त्याने कुचराई केल्यास नगराधिकाऱ्याने ते काम त्याच्या खर्चाने कंत्राटावर द्यावे. मात्र कोणता रस्ता व कोणत्या दिवशी, हे किमान १० दिवस आधी जाहीर करावे, असा त्यात दंडक आहे. पैसा दुसऱ्याचा, म्हणून व्यवहार उघड, हेच त्याचे मर्म.

आपल्या देशात डलहौसीच्या कारकीर्दीत, १८५४ साली, सार्वजनिक बांधकाम खाते स्थापन झाले. या खात्याच्या पद्धतीत प्रत्येक बाबीचे परिमाण, दर व रक्कम स्वतंत्र मांडतात आणि देयक प्रत्यक्ष मोजमाप नोंदवून देतात. पुढे १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली. तथापि ‘ब्रास’ लोकव्यवहारातून गेला नाही. फरसबंदीचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, अर्थात सुमारे ९.२९ चौरस मीटर. खडी-वाळूचा ब्रास मात्र १०० घनफूट. एका कंत्राटदाराचा दर ब्रासचा व दुसऱ्याचा चौरस मीटरचा असेल, तर प्रथम दोन्ही एका मापात आणावेत.

एकेकाळी निजामाच्या राज्यात असलेल्या शहाबादची फरशी आपल्या अंगणांत चिरपरिचित आहे. ती कितीही उत्तम असली, तरी तिचे आयुष्य तिच्या तळाशी दडलेले असते. खोदाई, दगडी सोलिंग, मुरुमाची धुम्मस, काँक्रीटचा थर, फरशीची जाडी, सांधे भरणे, पाण्याचा उतार व नाली या बाबी सर्व अंदाजपत्रकांत समान आहेत काय, हे आधी पाहावे. ज्या अंदाजपत्रकात सोलिंगच नाही, त्याची बेरीज सहजच लहान होते; परंतु दोन पावसाळ्यांत फरशी खचली, म्हणजे तीच बेरीज दुप्पट होते.

सारांश, सर्वांना एकच कामाची यादी द्यावी, उत्तरे सर्वांसमक्ष उघडावीत आणि केवळ अखेरचा आकडा पाहून निर्णय करू नये. श्रद्धेने अर्पिलेल्या पैशाचा चोख हिशेब ठेवणे हीदेखील सेवाच होय.