गोड चवीचे विष

डायएथिलिन ग्लायकॉल हा द्रव रंगहीन, दाटसर आणि चवीला गोड असतो. कारखान्यांत तो विद्रावक म्हणून वापरतात. दिसायला तो थेट औषधी ग्लिसरीनसारखा, पण त्याहून स्वस्त. हे साम्य आजवर अनेकांच्या जिवावर बेतले आहे.

१९३७ साली अमेरिकेतील मॅसेंगिल कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध पातळ स्वरूपात आणायचे ठरवले. भुकटी सहजी विरघळेना, तेव्हा कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने हा द्रव वापरला आणि रासबेरीचा स्वाद घातला. चव, रंग, वास तपासले गेले. विषारीपणा मात्र कोणी तपासला नाही. शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या वेळच्या कायद्यात यासाठी कलमच नव्हते. ‘एलिक्झिर’ म्हणायचे तर त्यात अल्कोहोल हवे, ते नव्हते. एवढ्या चुकीच्या नावाबद्दलच काय ती कंपनीवर कारवाई झाली. १९३८चा कडक कायदा या मृत्यूंनंतर आला.

या विषाचे काम शरीरच पूर्ण करते. अल्कोहोल पचवणारे यकृतातील विकर याही द्रवावर काम सुरू करते आणि अखेरीस डायग्लायकॉलिक आम्ल तयार होते. ते मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशींत साचते. पेशी मरतात, लघवी थांबते. सुरुवातीला नुसती ओकारी आणि पोटदुखी असल्याने मूळ आजारच बळावला असे वाटते. ते विकर वेळीच रोखणारे औषध दिले तर रुग्ण वाचू शकतो. पण त्यासाठी आधी विषाचा संशय यावा लागतो.

१९८६च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण मरण पावले. त्या ग्लिसरीनमध्ये हाच द्रव होता. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषधखरेदी आणि तपासणीतील ढिलाई व भ्रष्टाचार उघड केला. तरीही १९९८मध्ये गुडगावात आणि २०२५मध्ये छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून हेच विष मुलांच्या पोटात गेले. छिंदवाड्याची काही मुले उपचारांसाठी नागपूरला आणली होती.

कच्च्या मालाची प्रत्येक खेप वापरण्याआधी तपासावी, असे आपल्या नियमांत लिहिलेलेच आहे. ग्लिसरीन आणि हा द्रव यांतला फरक प्रयोगशाळेत सहज कळतो. जिभेला तो कळत नाही, यकृतालाही नाही. म्हणून तो बाटली भरण्याआधीच कळायला हवा.