वर्गणीची वही

आमच्या आजीनं पाहिलेला पहिला रजाकार वर्गणी मागायला आला होता. अठ्ठेचाळीस सालच्या संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. चावडीच्या ओट्यावर सतरंजी टाकलेली, त्यावर खाकीतला एक माणूस वही उघडून बसलेला, मागं बर्ची घेतलेली दोन पोरं. घरागणिक आकडा गावच्या पोलीस पाटलानंच सांगितला. आजीच्या वडिलांनी निजामी चलनातले हाली रुपये दोनदा मोजून सतरंजीवर ठेवले. "गोड बोलू लालता बरं का तो," आजी सांगायची. "पाणी मागितलं, ओंजळीनं वरूनच प्याला. तांब्या बाटवला नाही." गावाला लुटणारा माणूस तांब्याचा विटाळ मात्र पाळत होता, याचं तिला शेवटपर्यंत नवल वाटायचं.

देवगाव फाट्यावर उभं राहिलं की एक रस्ता सेलूला जातो, एक जिंतूरकडं, एक मंठ्याहून जालन्याला. औरंगाबाद-नांदेड गाड्या इथं चहाला थांबतात. या तिन्ही रस्त्यांवरच्या गावांत नव्वदीच्या घरातली मोजकी माणसं अजून आहेत. 'रजाकारीत' म्हटलं की ती सावरून बसतात. आजी त्यांतलीच होती. फाट्यापासून चालत जाण्याजोगं तिचं माहेर, अन् त्याच शिवारात सासर. तिच्या गोष्टी मी इतक्यांदा ऐकल्या की त्यांचा क्रम पाठ झाला होता. पुढं पुस्तकं वाचली तेव्हा त्या क्रमात काय गाळलंय तेही दिसायला लागलं.

हैदराबाद संस्थानाचा सातवा निजाम मीर उस्मान अली खान 1911 साली गादीवर बसला. 16 जिल्हे आणि 1941 च्या शिरगणतीत सुमारे 1 कोटी 63 लाख माणसं एवढा त्याचा पसारा. त्यातले मराठवाड्याचे पाच जिल्हे मराठी बोलणारे, पण कचेरी, कोर्ट, शाळा सगळं उर्दूत. जुलमाची सुरुवात तलवारीनं झाली असं आपण धरून चालतो. इथं ती परिपत्रकानं झाली. 'गश्ती निशाण 53' या हुकमानं सभा घ्यायची तर आधी परवानगी लागू लागली. खाजगी शाळा काढायची तर परवानगी, वाचनालयावर नजर. 1937 साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली परतूरला भरलं. परतूर आमच्या फाट्याहून फार लांब नाही. तेव्हा ते परभणी जिल्ह्यात होतं, 1981 ला जालना जिल्हा झाला तेव्हा तिकडं गेलं. राजकारण हा शब्दच नको म्हणून भाषावार परिषदा भरवायची ती युक्ती होती. पुढच्याच वर्षी स्टेट काँग्रेस निघणार असं कळलं, तर सरकारनं ती स्थापन व्हायच्या आधीच तिच्यावर बंदी घातली! जन्माआधीच मृत्यूचा दाखला देणारं असं सरकार जगात विरळाच. ही बंदी 1946 पर्यंत राहिली.

दहा-वीस वर्षं माणसाला मोठ्यानं बोलू दिलं नाही की पुढचं काम सोपं होतं. इत्तेहादुल मुस्लिमीन ही संघटना 1927 ची. बहादूर यार जंग 1944 ला गेले आणि दोन वर्षांत तिची सूत्रं लातूरचा वकील कासीम रझवी याच्या हाती आली. रजाकार म्हणजे या संघटनेचे स्वयंसेवक. आधी कवायत, मग भाले-बर्च्या, मग बंदुका. ऑक्टोबर 1946 मध्ये नांदेड जिल्ह्यात गोविंदराव पानसरे यांचा खून झाला. हैदराबादच्या मुक्तिलढ्यातले पहिले हुतात्मे म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

हैदराबाद खऱ्या अर्थानं रझवीच्या हातात गेलं ते मात्र 27 ऑक्टोबर 1947 च्या पहाटे. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या भारताशी, विलीन न होता, जैसे थे करार करायला छतारीचे नवाब, सर वॉल्टर मॉन्कटन आणि सर सुलतान अहमद दिल्लीला निघणार होते. इत्तेहादच्या जमावानं रात्रीतून त्यांच्या बंगल्यांना वेढा घातला. जमाव हटवायला पोलीस पुढं आले नाहीत. शिष्टमंडळ गेलं नाही, छतारी पंतप्रधानपदावरून दूर झाले आणि पुढं लायक अली त्या जागी आले. करार झाला तो 29 नोव्हेंबरला. तोवर ज्याला कुणी निवडून दिलं नव्हतं, ज्याच्याकडं सरकारी पदही नव्हतं, त्या माणसाच्या होकाराशिवाय निजामाचंही पान हलत नव्हतं. दिल्लीला धाक दाखवायला हा बरा, असा निजामाचा हिशेब असणार. 1933 च्या जानेवारीत जर्मनीत फॉन पापेननं हिटलरला चान्सलर करवून घेतलं तेव्हा त्याचाही हिशेब हाच होता, की माणूस आपल्या मुठीत राहील. दोघांचीही मूठ उघडीच राहिली.

यानंतर गावात जे घडलं ते आजीच्या शब्दांत असं: पहिल्या महिन्यात वर्गणी, दुसऱ्यात वर्गणी आणि ज्वारी, तिसऱ्यात शेजारच्या गावात नाही म्हणणाऱ्याच्या गंजीला आग. मला हे फार सरळसोट वाटायचं. पुढं पंडित सुंदरलाल यांच्या समितीचा अहवाल वाचनात आला. त्यात हीच पायरी लिहिली आहे. रजाकार गावोगाव दरमहा रक्कम बसवत. ती मुकाट दिली तर सहसा पुढं त्रास नसे. अडवलं तर लूट, लुटीला विरोध केला तर जाळपोळ, खून आणि बायकांवर अत्याचार. म्हणजे कुणी काय करायचं हे त्या वहीनं ठरवून टाकलं होतं. जो भरतो तो आपल्याच लुटीला हातभार लावतो आणि जो भरत नाही त्याच्यामुळं अख्खं गाव जळतं, म्हणून गावच त्याला गप्प बसवतं. पोलीस पाटील आकडे सांगत होता तो वाईट माणूस होता म्हणून नव्हे. आजीच्या मते तो गावातला त्यातल्या त्यात भला माणूस होता.

वैशाखात आजीचं घर उठलं. भारतात जायचं म्हणजे वऱ्हाडात, मंठ्यावरून लोणारच्या दिशेनं. गंमत अशी की वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचाच मुलूख. इंग्रजांनी कारभारासाठी घेतलेला, पण निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणायची पद्धत 1936 पासून होती. आजीला हे काही ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होती पूर्णा नदी. बैलांच्या घुंगुरमाळा काढून ठेवल्या होत्या, गाडीच्या आसाला दुप्पट वंगण घातलं होतं. लहान भाऊ रडला तर तोंडात द्यायला गुळाचा खडा आजीच्या मुठीत होता. रात्रभर धरून तो पाघळला. पहाटे नदीपलीकडं बैल सोडले तेव्हा दादांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, पहिली गोष्ट केली ती मोठ्यानं खोकायची. रात्रभर दाबून धरलेला खोकला. हे सांगताना ती स्वतःही खोकून दाखवायची आणि आम्ही पोरं हसायचो.

त्याच काळात 9 मे 1948 ला बिदर जिल्ह्यात गोरट्याला आणि 27 ऑगस्टला तेलंगणात बैरानपल्लीला रजाकारांनी सामूहिक हत्या केल्या. ऑगस्टमध्येच हैदराबाद शहरात शोएबुल्ला खान या तरुण संपादकाला त्याच्या घराजवळ गाठून मारलं, त्याचे हात तोडले. तो 'इमरोज' हे उर्दू दैनिक चालवत होता आणि संस्थान भारतात विलीन व्हावं असं उघड लिहीत होता. ज्या मुसलमानांच्या नावानं हे राज्य चाललं होतं त्यांतल्याच एकाचे लिहिते हात रजाकारांनी तोडले. सतरा सप्टेंबरच्या भाषणांत या माणसाचं नाव पानसऱ्यांच्या शेजारी यायला हवं. आमच्याकडच्या भाषणांत ते मी क्वचितच ऐकलंय.

13 सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या. सोलापूरकडून मुख्य फौज, आमच्या बाजूला औरंगाबाद आणि मग जालना. 17 तारखेला निजामानं रेडिओवरून शरणागती जाहीर केली. संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा समिती तेव्हा पॅरिसला बसत होती आणि आदल्याच दिवशी हैदराबादचं गाऱ्हाणं तिच्यापुढं आलं होतं. त्यावर निर्णय व्हायच्या आत संस्थानच उरलं नाही. आमच्याकडं सगळे याला 'ॲक्शन' म्हणतात. दिवाळीच्या आत आजीचं घर परत आलं. तिची गोष्ट इथं संपायची. शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं: "अन् मग पिंजारी गेले."

कुठं गेले, हे तिनं कधी सांगितलं नाही. गावात मुसलमानांची तीन घरं. त्यातल्या एका घरातला पोरगा खाकी घालून फिरायचा. तो ॲक्शनच्या पहिल्याच दिवशी पळाला. पिंजारी म्हातारा होता, साऱ्या गावाच्या गाद्या-रजया त्यानं पिंजलेल्या. आमच्या घरी न्हाणीत तांब्याचा एक हंडा होता, त्याच्या काठावर उर्दू अक्षरं कोरलेली. निजामी मुलूख, तेव्हा उर्दू असणारच, म्हणून कुणी विचारायचं नाही. आजी वारल्यावर तिचे तेच धाकटे भाऊ, ज्यांच्यासाठी गुळाचा खडा मुठीत धरला होता ते आमचे मामाआजोबा, फाट्यावर गाडीची वाट पाहताना मला म्हणाले, "तो हंडा पिंजाऱ्याचा." वेशीबाहेरची माणसं आली होती, पण वाट दाखवायला गावातलीच होती. म्हातारा ओढ्यात सापडला. त्याची सून आणि नातवंडं चार दिवस आमच्याच कडब्याच्या गंजीआड होती, दादांनीच ठेवली होती, आणि मग रातोरात सेलूच्या स्टेशनावर नेऊन रेल्वेत बसवली. मग हंडा आपल्याकडं कसा, हे मी विचारलं. त्यांनी गाडी आली म्हणून सांगितलं. गाडी आलेलीच होती, त्यामुळं खोटं बोलले असं म्हणता येत नाही.

सुंदरलाल समिती नेहरूंनी पाठवली. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. 29 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 1948 या काळात ते नऊ जिल्हे फिरले. समितीचा अंदाज असा, की ॲक्शनच्या वेळी आणि नंतर संस्थानात 27 ते 40 हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत वाईट. रझवीच्या लातुरात वीस दिवसांहून अधिक कत्तल चालली. तिथं मुसलमान दहा हजारांच्या आसपास होते, समितीला जेमतेम तीन हजार दिसले, हजाराहून अधिक मारले गेले होते, बाकीचे पळालेले. प्रेतांनी भरलेल्या विहिरी समितीनं डोळ्यांनी पाहिल्या. काही ठिकाणी फौजेतली आणि पोलिसांतली माणसं लुटीत सामील होती असं तिनं नोंदवलं, आणि शेजारी मुसलमानांना जिवावर उदार होऊन लपवणाऱ्या हिंदूंची उदाहरणंही नोंदवली. अहवाल सरदार पटेलांना मान्य झाला नाही. तो दडपलेला राहिला आणि सर्वांना वाचायला मिळायला 2013 साल उजाडलं. आकड्यांवर वाद आहेत, राहोत. एका विहिरीवरून वाद घालणाऱ्यानं आधी त्या विहिरीच्या काठी उभं राहावं.

समिती मराठवाड्यात हिंडत होती त्याच दिवसांत, 9 डिसेंबर 1948 ला, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार संमत केला. आमच्याकडं झालं ते त्या कराराच्या कलमात बसतं का, हे कायदेपंडितांनी ठरवावं. मला एवढं दिसतं, की कुणा एकाला धर्मावरून वहीत टिपायचं, त्याच्या जिवाची जबाबदारी सरकारनं सोडायची आणि गावानं बघत राहायचं, हा धडा रजाकारीनं तेरा महिने घोटून घेतला होता. ॲक्शननंतर तोच धडा उलटा म्हटला गेला. रजाकारांनी केलं म्हणून आपण केलं, हे समर्थन मी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर कैकदा ऐकलंय. ओढ्यात सापडलेला म्हातारा रजाकार नव्हता. वर्गणीच्या वहीत त्याचंही नाव होतं, हे मला मामाआजोबांनीच सांगितलं.

आता ज्यांचं राज्य होतं त्यांचं काय झालं ते बघा. निजाम 1950 ते 1956 हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता. रझवीला शिक्षा झाली, 1957 ला तो सुटला, पाकिस्तानात गेला आणि 1970 मध्ये कराचीत मेला. अनंत भालेरावांनी 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' लिहून आमच्या बाजूचा लढा नोंदवून ठेवला, हे मोठं काम झालं. पिंजाऱ्याच्या बाजूचं लिहायला गावात कुणी उरलंच नव्हतं.

म्हणून सांगणं एवढंच. तुमच्या घरात, भावकीत, फाट्यावरच्या बाकड्यावर रजाकारी पाहिलेलं कुणी असेल तर यंदाच्या सतरा सप्टेंबरला झेंडावंदन उरकून त्यांच्याजवळ जाऊन बसा. रजाकारांचं ते आपणहून सांगतील. ॲक्शननंतरच्या पंधरा दिवसांचं तुम्ही विचारा, आणि सांगितलेली नावं त्याच दिवशी लिहून ठेवा. पुढच्या वर्षी सांगणारं माणूस असेलच असं नाही.