कसाऱ्याच्या घाटांतील वाफ



शहापूर तालुक्यांतील कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढणारा थळ घाट १८६५ सालीं आगगाडीस खुला झाला. ३७ फूट पुढें गेलें कीं एक फूट वर, अशी ती चढण. एवढा भार वर ओढणारी शक्ति उकळत्या पाण्याची. परंतु पाणी उकळतें तेव्हां त्याचें नेमकें काय होतें, याविषयीं त्या काळीं विद्वानांतहि एकमत नव्हतें. परमाणु ही केवळ हिशेबाची सोय आहे, असें मानणारे रसायनशास्त्रज्ञ पुष्कळ होते. गाडी घाट चढून गेली, आणि तिला चढविणारें तत्त्व मात्र वादांतच राहिलें!

कल्पना तशी जुनी. वैशेषिकांनीं कवडशांत तरंगणाऱ्या धूलिकणास, म्हणजे त्रसरेणूस, डोळ्यांना दिसणारा सर्वांत लहान पदार्थ मानलें, आणि त्याच्याहि पोटीं अविभाज्य परमाणु असले पाहिजेत असें अनुमान केलें. आज मराठी पाठ्यपुस्तकांत परमाणूस ‘अणू’ व अणूंच्या संयोगास ‘रेणू’ म्हणतात. धुळीचा शब्द असा अदृश्याकडे गेला. डाल्टननें १८०८ सालीं अणूंचा सिद्धान्त वजनांच्या आधारें मांडला. अणु व रेणु यांतील भेद आव्होगाद्रोनें १८११ सालीं दाखविला, पण जवळजवळ पन्नास वर्षें तो फारसा कोणी मनावर घेतला नाहीं.

रेणु तेच असतात. बर्फांत ते आपापल्या जागीं थरथरतात, पाण्यांत एकमेकांवरून घसरतात, वाफेंत सुटे होऊन धांवतात. एक लिटर पाण्याची वाफ मोकळ्या हवेच्या दाबाखालीं सुमारें १,७०० लिटर जागा व्यापते. बंद पात्रांत ती जागा मिळत नाहीं, म्हणून वाफ दट्ट्या ढकलते आणि चाक फिरतें.

येथें एक कबुली दिली पाहिजे. किटलीच्या तोंडाशीं दिसणारा पांढरा लोट म्हणजे वाफ, असें मी वर्गांत कित्येक वर्षें सांगत आलों. एकदां मुरबाडकडील एका मुलानें विचारलें, “गुरुजी, मग माळशेजाच्या घाटातलं धुकं बी वाफच का? ते तर गार लागतं.” मीं त्यास गप्प बसविलें. वास्तविक वाफ दिसतच नाहीं. लोट काय नि धुकें काय, दोन्ही पाण्याचे बारीक थेंबच. किटलीच्या तोंडालगतची जी जागा रिकामी भासते, तींत खरी वाफ असते. मुलाचा प्रश्न माझ्या उत्तराहून अधिक शास्त्रशुद्ध होता.

शेवटीं रेणूंची साक्ष दिली ती पाण्यानेंच. ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८२७ सालीं पाण्यांतील सूक्ष्म कण अखंड हालतांना पाहिले होते. ते पाण्याच्या रेणूंचे धक्के खातात, हें गणित आइन्स्टाइननें १९०५ सालीं मांडलें. १९०८ पासून फ्रान्सांत पेरँ यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं मोजमाप करून तें खरें ठरविलें. तेव्हां कसाऱ्याच्या घाटांत गाडी सुरू होऊन ४३ वर्षें लोटलीं होतीं. पेरँ यांना १९२६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्या वर्षींहि घाटांत वाफेचींच इंजिनें धांवत होतीं. विजेचीं मागाहून आलीं.