वन्समोअर: मागायचा की द्यायचा?

तुम्ही बहुतेक इअरफोन लावून ऐकताय. एखादं वाक्य हुकलं तर अंगठ्याने मागे जाल आणि पुन्हा ऐकाल. आज आपण असं बटण नसलेल्या काळात जाऊया. तेव्हा गाणं परत ऐकायचं तर समोरच्या जिवंत माणसाला ओरडून सांगावं लागायचं. आणि मराठी माणूस ते चक्क इंग्रजीत ओरडायचा: ‘वन्समोअर!’

गंमत बघा. इंग्रजीत ‘वन्स मोअर’ म्हणजे साधं ‘आणखी एकदा’. पण लंडनच्या थिएटरात गाणं आवडलं की इंग्रज प्रेक्षक ‘ऑन्कोर’ म्हणतो, आणि तो शब्द आहे फ्रेंच. फ्रेंच माणूस मात्र अशा वेळी ‘बिस’ म्हणतो, जो लॅटिन आहे. उर्दू मुशायऱ्यात ‘मुकर्रर’ म्हणतात, तो मुळात अरबी. म्हणजे आनंद झाला की जो तो दुसऱ्याचा शब्द उसना घेतो! आपण इंग्रजीतला घेतला.

मराठीत ‘पुन्हा’ आणि ‘परत’ होतेच की. मग ते का नाही ओरडले? मला वाटतं, या शब्दांना घरातल्या रागाचाही वास आहे. ‘परत तेच?’, ‘पुन्हा असं करशील?’ हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. ‘वन्समोअर’ म्हणत कोणी कोणाला रागावत नाही. तो शब्द आपण फक्त कौतुकासाठी ठेवला.

आता थोडा इतिहास. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि मराठी संगीत नाटकाचा जमाना सुरू झाला. नाटकातल्या पदांवर लोक तुटून पडले. पद आवडलं की वन्समोअर, नट परत पहिल्या ओळीवर. त्यात पुन्हा वन्समोअर! रात्री सुरू झालेलं नाटक उत्तररात्रीपर्यंत चालायचं, त्याचं एक मोठं कारण हे.

आपल्या नाशिकमध्ये विजयानंद थिएटर होतं. ते बहुतेकांना एका रात्रीमुळे माहीत आहे: 21 डिसेंबर 1909. बदलीवर निघालेला कलेक्टर जॅक्सन तिथे नाटकाला आला होता आणि अनंत कान्हेरे या तरुणाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. नाटक होतं गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’, किर्लोस्कर मंडळीचं. बालगंधर्व तेव्हा याच मंडळीत होते.

जरा तो काळ डोळ्यांसमोर आणा. 1905 मध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी झालेली. नाशिकमध्ये इंग्रज सरकारविरुद्ध गुप्तपणे तरुण एकत्र येत होते. आणि त्याच वर्षांत मराठी थिएटरांमध्ये लोक बिनधास्त इंग्रजी शब्द ओरडत होते! वन्समोअरवर कोणी बहिष्कार टाकला नाही. कारण तो इंग्रजी राहिलाच नव्हता. तो मराठी व्याकरणात येऊन बसला होता.

कसा? इंग्रजीत ‘वन्स मोअर’ क्रियाविशेषण आहे. मराठीत तो नाम झाला, तोही पुल्लिंगी: तो वन्समोअर, तीन वन्समोअर. आणि आता महत्त्वाची गोष्ट, नीट ऐका. आपण म्हणतो, ‘प्रेक्षकांनी वन्समोअर दिला’ आणि ‘नटाने वन्समोअर घेतला’. ‘मागितला’ असंही कधी म्हणतात, पण जास्त करून ‘दिला’ आणि ‘घेतला’. खरं तर प्रेक्षक काहीतरी मागतोय ना? पण भाषा म्हणते, तो देतोय. टाळीसारखी, बक्षिसासारखी ती वस्तू आहे. गाणाऱ्याने ती स्वीकारायची आणि परत गायचं.

या देण्या-घेण्यामुळे दुसरं गाणं पहिल्याची कॉपी नसायचं. पदांच्या चाली रागदारीवर बांधलेल्या. त्यामुळे दुसऱ्या खेपेला वेगळी तान, वेगळी जागा. लोकांना तेच हवं असायचं, पण तसंच नको असायचं.

याला दुसरी बाजूही आहे. ‘शारदा’ ही पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीची गोष्ट. ती आपली भीती गाऊन सांगते आणि लोक म्हणतात वन्समोअर! म्हणजे बाई, तुझं दुःख परत सांग. नाटकाची गोष्ट तिथेच थांबते. पात्र बाजूला होतं, गायक उरतो.

आणि गायकाचं काय? 12 मार्च 1911, मुंबई. ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. ते भामिनी होऊन उभे राहिले आणि गायले. वन्समोअर घेणारा माणूस त्या दिवशी घरून काय सोसून आलाय, हे देणाऱ्याला खुर्चीतून दिसत नाही.

मग यंत्रं आली. 78 आरपीएमच्या रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, त्यामुळे रंगमंचावर लांबत जाणारं पद आखडून गावं लागलं. पण सुई परत मागे ठेवली की झालं! 1913 मध्ये दादासाहेब फाळके नाशिकला आले आणि इथे चित्रपट काढू लागले. पडद्यासमोर तुम्ही कितीही ओरडा, पडद्याला ऐकू येत नाही. रीळ त्याच वेगाने पुढे जातं.

आज आपण एकच गाणं दिवसात वीसदा ऐकतो. त्यात वाईट काही नाही, मीही ऐकतो. फक्त एवढंच, की ते वीस वन्समोअर कोणालाच मिळत नाहीत. गाणाऱ्याला त्यातला एकही ऐकू येत नाही, आणि विसाव्या वेळी एकही तान बदलत नाही.

म्हणून मंडळी, एक काम करा. कालिदास कलामंदिरात किंवा तुमच्या गावात संगीत नाटकाचा, गाण्याचा कार्यक्रम लागला तर जा. पद आवडलं तर मोबाईल वर करून शूट करत बसू नका. लाज सोडा आणि एक खणखणीत वन्समोअर द्या. मग समोरचा तो कसा घेतो, ते बघा.

भेटू पुढच्या भागात. आणि हा भाग आवडला असेल, तर... तुम्हाला माहीत आहे काय म्हणायचं!