प्रस्तावना : शिंपला, नदी आणि बदलता समुद्र

चामोर्शी तालुक्यातल्या वाचकाने समुद्राच्या आम्लीकरणाच्या वाटेला का जावे, हा प्रश्न रास्त आहे. कोकणचा किनारा गाठायचा तर इथून अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. पण मार्कंड्याला उत्तरवाहिनी होणारी वैनगंगा चपराळ्याजवळ वर्धेला मिळते, प्राणहिता होऊन सिरोंच्याच्या बाजूला गोदावरीत उतरते आणि बंगालच्या उपसागराला जाते. तिच्या मुखाजवळ, काकीनाड्याच्या उथळ पाण्यात, लोक शिंपले वेचतात. त्यांच्या पाण्यात थोडा वाटा आपल्या तालुक्याचाही आहे.

विषयाचे रसायन दहावीच्या पुस्तकापलीकडचे नाही. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषतो. त्याचे कार्बनिक आम्ल होते, त्यातून हायड्रोजनचे आयन सुटतात आणि ते पाण्यातले कार्बोनेट पळवतात. कवच बांधायला शिंपल्याला हवे असते ते नेमके हेच. औद्योगिक काळाआधी समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू, म्हणजे पीएच, ८.२ च्या आसपास होता; आता तो ८.१ आहे. फरक किरकोळ वाटतो, पण हे माप लॉगरिदमचे असल्याने हायड्रोजन आयन सुमारे ३० टक्के वाढले आहेत. पाणी अजूनही अल्कधर्मीच आहे, आणि मोठा शिंपला त्यात विरघळून जातो असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

खरी अडचण पिल्लांची. कालवाच्या, म्हणजे ऑयस्टरच्या, पिल्लाला पहिल्या दोन दिवसांत, अंड्यातून मिळालेल्या शिदोरीवर, पहिले कवच उभे करायचे असते. कार्बोनेट कमी असले की तेच काम महाग पडते. अमेरिकेत ओरेगनच्या व्हिस्की क्रीक हॅचरीत २००७ च्या सुमारास कालवांची पिल्ले मोठ्या संख्येने मरू लागली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने कारण दाखवले: समुद्राच्या खोल थरातून वर येणारे, कार्बन डायऑक्साइडने भरलेले पाणी. रत्नागिरीकडे ज्यांना शिणाणे म्हणतात, त्या खडकाला चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांच्या एका परदेशी भावंडावर २०१३ मध्ये झालेला प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. तिथे कवचापेक्षा खडकाला धरून ठेवणारे धागेच कमजोर झाले. लाटांच्या माऱ्यात राहणाऱ्या जिवाला हे कवच पातळ होण्याइतकेच जड जाते.

भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले पाणी मात्र कधीच एकसारखे नसते. दिवसा शेवाळ कार्बन डायऑक्साइड खाते, रात्री सगळेच जीव तो सोडतात. ओहोटीच्या डबक्यात सामू काही तासांत बराच हलतो. एकाच ठरावीक सामूच्या टाकीत शिंपला ठेवून काढलेले निष्कर्ष या पट्ट्याला जसेच्या तसे लावणे ही या शाखेची जुनी खोड आहे.

शिवाय नद्या. पावसाचे पाणी दख्खनचा काळा दगड झिजवते, तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेट बनून नदीतून समुद्राकडे जातो, आणि त्याचा काही उपयोग आम्लता सावरायला होतो. पण तीच नदी पुरात माती, पालापाचोळा आणि सांडपाणीही नेते. ते कुजताना पुन्हा कार्बन डायऑक्साइड सुटतो. गोदावरीच्या मुखाशी पावसाळ्यात तो फार मोठ्या प्रमाणात सुटतो, हे विशाखापट्टणमच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या केंद्रातील शास्त्रज्ञांनी मोजले आहे. काकीनाड्याच्या शिंपल्याचे नशीब एकट्या आकाशावर टाकता येत नाही, ते यामुळे.

सुरुवात नदीकाठीच करा. ढिवरांच्या जाळ्यात येणारे गोड्या पाण्यातले शिंपले पाहा. बिजागरीजवळचा फुगवटा झिजून आतला मोतिया थर उघडा पडलेला दिसेल. लगेच आम्लाला दोष देऊ नका; वाळूही तेच करते. पहाटे आणि दुपारी चारला त्याच जागी सामू मोजा, महिनाभर वहीत लिहा, मगच दुसरे प्रकरण उघडा.