वाघूरची घळ : दोन फौजी आणि एक कॅमेरा

रायपूरच्या तात्यापाऱ्यातून बोलतोय. बाहेर नवतपा चालू आहे. बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, इकडे छत्तीसगडात सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की मेअखेरचे जे नऊ दिवस मोजतात, तो नवतपा. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. घरोघरी बोरे बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला शिळा भात, सोबत कांदा. अशा दिवसांत शहाण्या माणसाने घरात बसावं. दोन वर्षांपूर्वी मी बसलो नव्हतो, त्याची आज गोष्ट.

मला अजिंठ्याचा फोटो हवा होता. लेण्यांचा नाही, लेणी ज्या घळीत आहेत त्या घळीचा. वाघूर नदीने बसाल्टचा डोंगर कापून घोड्याच्या नालेच्या आकाराची दरी केली आहे आणि तिच्या उभ्या कड्यात तीस लेणी कोरली आहेत. घळीच्या तोंडाशी सातकुंडाचा धबधबा. पावसाळ्यात हे सगळं हिरवंगार असतं, कॅलेंडरवर छापतात तसं. मला ते नको होतं. मेजर रॉबर्ट गिल या माणसाने दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी काढलेले फोटो मी पाहिले होते. ते पाहिल्यापासून तो उघडा, कोरडा कडा डोक्यात बसला होता. पानं झडलेली असताना, ऐन उन्हाळ्यातच तो तसा दिसतो.

आता थोडं मागे जाऊ. 23 सप्टेंबर 1803, असईची लढाई. एका बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली आणि त्याची मद्रासची फौज. आम्हा रायपूरकरांना ही लढाई परकी नाही, कारण छत्तीसगड तेव्हा भोसल्यांचं होतं आणि आमच्यासारखी मराठी घरं इकडे आली ती त्याच राज्याच्या मागोमाग. लढाई जिंकूनही वेलस्लीची माणसं इतकी जखमी झाली होती की त्यांच्यासाठी रुग्णालय उभारावं लागलं. ते कुठे? अजिंठा गावात. लेण्यांपासून दहा-बारा किलोमीटरवर इंग्रजांची फौज तळ ठोकून होती आणि लेण्यांचा त्यांना पत्ता नव्हता. गावात कुणी सांगितलं नसेल? की कुणी विचारलंच नाही? फौजी माणूस पाणी, चारा आणि रस्ता विचारतो. बाकी काही विचारायची त्याला सवय नसते. हे मी स्वतःवरून सांगतो.

पुढे पेशवाई बुडाली, खानदेश इंग्रजांकडे गेला. 28 एप्रिल 1819 रोजी मद्रास फौजेच्या 28व्या घोडदळातला जॉन स्मिथ शिकारीला आला आणि त्याला समोरच्या कड्यात दहाव्या लेण्याची कमान दिसली. एका गुराखी पोराने दाखवली, असंही सांगतात. पोराचं नाव कुठे नाही. स्मिथचं आहे, कारण त्याने ते दहाव्या लेण्यातल्या खांबावर तारखेसकट कोरून ठेवलं, तेही जुन्या चित्राच्या अंगावर. खाली दगडमाती साचलेली होती, तिच्यावर उभं राहून कोरलं म्हणून ते आज डोक्याच्या वर आहे. माझ्या पलटणीत एखाद्या जवानाने किल्ल्याच्या भिंतीवर नाव कोरलं असतं तर मी त्याला पिट्टू लावून मैदान फिरवलं असतं. या साहेबाचं नाव मात्र गाइड टॉर्च मारून दाखवतो.

एक माझा तर्क, पुरावा म्हणून घेऊ नका. तारीख बघा. एप्रिलचा शेवट. सागाची पानं झडलेली, वेली सुकलेल्या. तो ऑगस्टमध्ये आला असता तर पलीकडच्या कड्यावरून त्याला हिरव्या भिंतीखेरीज काही दिसलं नसतं. अजिंठा उन्हाने दाखवला, असं मी म्हणतो.

आता गिल. मद्रास फौजेतलाच. जेम्स फर्ग्युसनने 1839 मध्ये लेणी पाहिली आणि पुढे लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीसमोर निबंध वाचला, की चित्रं नष्ट होत आहेत, नकला करून घ्या. कंपनी सरकारने 1844 मध्ये हे काम गिलवर सोपवलं. वय चाळिशीचं. अजिंठा गावातल्या बारादरीत तो राहिला आणि जवळपास वीस वर्षं चित्रं उतरवत बसला. मोठमोठ्या कॅनव्हासवर, तैलरंगात, मूळ मापात. ही चित्रं लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली आणि डिसेंबर 1866 मध्ये तिथे आग लागून मोजकी सोडली तर सगळी जळाली.

वीस वर्षं, मंडळी. माणसाची अख्खी नोकरी.

पण त्याच्याजवळ तोपर्यंत कॅमेरा आला होता. दोन भिंगांचा, स्टिरिओ. जरा अंतरावरून घेतलेली दोन चित्रं यंत्रातून एकत्र पाहिली की खोली दिसते, दरी खरोखर दरी वाटते. 1864 मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या फोटोंची दोन पुस्तकं लंडनमध्ये निघाली. एकात चौऱ्याहत्तर फोटो, दुसऱ्यात शंभर. म्हणजे आग लागली तेव्हा फोटो आधीच पुस्तकांतून लोकांच्या हातात होते. ब्रशने केलेलं गेलं आणि काचेवरचं राहिलं.

हे फोटो काढणं म्हणजे काय होतं ते समजून घ्या. त्या काळची चालती रीत ओल्या काचेची. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, ओली असतानाच धुवायची. सगळं दहाएक मिनिटांत. शिवाय कलोडियनमध्ये ईथर असतं आणि ते साधारण 35 अंशांवर उकळतं. खानदेशात मे महिन्यात पारा 43-44 ला जातो. अंधाराचा तंबू, काचा, रसायनं, धुवायचं पाणी, हे सगळं हमालांच्या पाठीवर आणि नदी कोरडी. मी खिशात मोबाइल आणि गळ्यात डिजिटल कॅमेरा घेऊन गेलो होतो, तरी माझं काय झालं ते ऐका.

रायपूरहून रात्रीच्या गाडीने नागपूरमार्गे भुसावळ. भाचा पुण्याहून तिथे आला. इंजिनिअर आहे, पस्तिशीचा. त्याचं म्हणणं, "मामा, पहाटे जाऊ, नऊच्या आत परत." मी म्हटलं, जैसलमेरच्या वाळूत पलटण चालवली आहे, मला ऊन शिकवू नकोस. मला अकराचा प्रकाश हवा होता, कड्यावरची सावली कमानींच्या आत सरकते तेव्हाचा.

लेणापूरच्या बाजूला व्ह्यू पॉइंटवरून फोटो घेतले, मग खाली नदीच्या पात्रात उतरलो. तिथे कळलं की वाळवंट आणि घळ यांत फरक आहे. वाळवंटात वारा असतो. इथे नालेच्या आकाराची काळी भिंत तिन्ही बाजूंनी तापते आणि मधला माणूस भाकरीसारखा भाजून निघतो. पाणी होतं, पण मी ते पीत नव्हतो. फ्रेम बघत होतो. फौजेत आम्ही उन्हात जवानांना तहान लागो न लागो, घड्याळ लावून पाणी पाजायचो. हुकूमच असायचा. तोच हुकूम मी स्वतःला द्यायला विसरलो. आधी पिंढऱ्यांत गोळे आले, मग समोरचा पूल दोन दिसायला लागला. मला वाटलं, वा, स्टिरिओ! खरंच असा विचार आला, इतकं डोकं फिरलं होतं.

भाच्याने मला बखोटीला धरून एका खडकाच्या सावलीत बसवलं. शेळ्या घेऊन एक म्हातारबा वरून उतरत होते, त्यांनी काही न बोलता डोक्याचं उपरणं सोडलं, आमच्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि माझ्या मानेवर टाकलं. भाचा ओआरएसची बाटली तोंडाला लावून म्हणाला, "प्या मामा. हुकूम समजा." अर्धा तास उठलो नाही. म्हातारबा म्हणाले, "या दिसांत कुणी साहेब खाली उतरत न्हाई." मग शेळ्यांमागे गेले. त्यांचं नाव मी विचारलं नाही. स्मिथला हसणारा मी, माझ्याही गुराख्याचं नाव कुठे नाही.

नंतर दहाव्या लेण्यात जाऊन बसलो. आत गारवा होता. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं ते लेणं, समोर स्तूप. तिथे भाच्याला बाकीची गोष्ट सांगितली. गिलनंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी 1872 ते 1885 इथे नकला करत होते. त्या लंडनला गेल्या आणि 1885 मध्ये तिथे आग लागून शंभराहून अधिक जळाल्या. दोनदा तेच. अजिंठ्याची नक्कल इथून हलली की आग तिच्या मागे लागते, असं तो म्हणाला. मी म्हटलं, तसं नाही. आगी सगळीकडे लागतात. एकच प्रत आणि तीही एकाच छताखाली ठेवली, ही चूक. म्हणून माझे फोटो आता तीन ठिकाणी ठेवले आहेत. त्यातली एक हार्ड डिस्क बायकोच्या दागिन्यांच्या डब्यात आहे, त्यावरून बोलणी खाल्ली आहेत.

परतताना अजिंठा गावात पारोची समाधी पाहिली. गिलसोबत राहिलेली इथली स्त्री. 23 मे 1856 रोजी ती गेली आणि गिलने तिच्या नावाचा दगड बसवला. ना. धों. महानोरांमुळे मराठी वाचकाला ती ठाऊक आहे, त्यांचं पळसखेड इथून जवळच. लोक तिथे प्रेमकथा शोधतात. मला तारीख दिसली. मे महिना. गिल त्यानंतरही तेवीस वर्षं याच उन्हात राहिला.

तो गेला 10 एप्रिल 1879 रोजी, आजारी अवस्थेत भुसावळला नेत असताना. कबर भुसावळलाच आहे. दुसऱ्या दिवशी गाडी संध्याकाळची होती, तेव्हा सकाळी सात वाजता आम्ही तिथे गेलो. या वेळी भाच्याचं ऐकलं. मी सावधानमध्ये उभा राहिलो, सॅल्यूट केला. फोटो काढला नाही. भाच्याने पाण्याची बाटली पुढे केली, ती तिथेच उभ्याने रिकामी केली.