होम थिएटर संगणक

होम थिएटर संगणक म्हणजे दूरचित्रवाणी संच किंवा प्रोजेक्टर आणि अनेक स्पीकरांची ध्वनियंत्रणा यांना जोडलेला व प्रामुख्याने चित्रपट पाहण्यासाठी राखून ठेवलेला संगणक होय. व्हीसीडी, डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे या तबकड्यांवरील चित्रपट फाइलींच्या रूपात साठवून ते घरच्या मोठ्या पडद्यावर दाखवणे हा त्याचा एक मुख्य उपयोग आहे. तबकडीवरील चित्रपट संगणकावर उतरवून घेण्याच्या क्रियेस 'रिप करणे' असे म्हणतात. केवळ सोय हे त्यामागील एकच कारण नाही. महाराष्ट्रात अनेक घरांत मराठी चित्रपटांच्या व नाटकांच्या व्हीसीडी आजही कपाटात आहेत. त्या वाजवणारे यंत्र मात्र अनेकदा बंद पडलेले असते, आणि तबकड्याही कायम टिकणाऱ्या नसतात.

इतिहास

डीव्हीडी प्रथम १९९६ साली जपानमध्ये विक्रीस आली. तिच्यावरील चित्रपट 'सीएसएस' नावाच्या सांकेतिक कुलपाने बंद केलेला असे आणि परवानाधारक यंत्रालाच तो उघडता येई. १९९९ साली हे कुलूप उघडणारी 'डीसीएसएस' ही संगणक-प्रणाली प्रसिद्ध झाली. तिच्या निर्मितीत सहभागी असलेला यॉन लेक योहान्सन हा नॉर्वेचा तरुण त्या वेळी शाळकरी वयाचा होता. त्याच्यावर खटला भरण्यात आला. परंतु स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी पाहण्यासाठी कुलूप उघडणे हा गुन्हा ठरत नाही, असे मानून न्यायालयाने २००३ साली त्याची निर्दोष मुक्तता केली. त्याच वर्षाच्या अखेरीस अपिलातही हाच निकाल कायम राहिला.

२००२ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची 'मीडिया सेंटर' आवृत्ती काढली. एक्सबॉक्स या खेळयंत्रावर चित्रपट दाखवणारी एक प्रणाली हौशी मंडळींनी याच सुमारास लिहिली. पुढे तिला 'एक्सबीएमसी' आणि २०१४ साली 'कोडी' हे नाव मिळाले. ती मुक्त व विनामूल्य आहे. 'प्लेक्स' या प्रणालीचा उगमही तिच्यातूनच झाला. तयार यंत्रे विकणाऱ्या उद्योगाची वाट मात्र खडतर ठरली. डीव्हीडी साठवून ठेवणारा महागडा सर्व्हर बनवणाऱ्या कॅलिडस्केप या अमेरिकी कंपनीवर डीव्हीडीच्या परवान्यांचे नियंत्रण करणाऱ्या संघटनेने २००४ साली दावा लावला. तो मिटायला २०१४ साल उजाडले.

तबकड्यांचे स्वरूप

तिन्ही तबकड्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांच्यावरील माहितीत मोठा फरक आहे. भारतात वापरात असलेल्या पाल पद्धतीच्या व्हीसीडीवरील चित्र ३५२ × २८८ बिंदूंचे असते आणि एका तबकडीवर साधारण ७४ मिनिटांचा भाग मावतो. म्हणूनच तीन अंकी नाटक किंवा पूर्ण लांबीचा चित्रपट दोन वा तीन तबकड्यांत विकला जाई. डीव्हीडीवरील चित्र ७२० × ५७६ (अमेरिकी एनटीएससी पद्धतीत ७२० × ४८०) बिंदूंचे असून तबकडीची क्षमता एका थरास ४.७ आणि दोन थरांस ८.५ गीगाबाइट असते. ब्ल्यू-रेवर १९२० × १०८० बिंदूंचे चित्र मिळते. क्षमता २५ किंवा ५० गीगाबाइट.

टिकाऊपणाच्या बाबतीत व्हीसीडी सर्वांत दुबळी आहे. तिचा माहिती धारण करणारा चकचकीत थर छापील बाजूच्या अगदी पातळ लेपाखाली असतो. खालच्या प्लॅस्टिकवरील ओरखडा पुष्कळदा निभावून जातो. मात्र वरच्या बाजूला बॉलपेनने नाव लिहिले तरी माहितीलाच इजा पोहोचू शकते. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. शिवाय संगणकीय माहितीच्या सीडीवर चूक दुरुस्त करण्यासाठी जी जादा सोय असते, ती व्हीसीडीच्या चित्रभागात जागा वाचवण्यासाठी गाळलेली आहे. त्यामुळे घरातील संग्रह उतरवून घ्यायचा असल्यास आरंभ व्हीसीडींपासून करणे शहाणपणाचे होय. पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत फिरवावे. गोलाकार पुसल्याने पडणारा ओरखडा माहितीच्या मार्गालाच समांतर जातो आणि अधिक बाधतो.

चित्रपट उतरवणे

उतरवण्याच्या दोन पद्धती आहेत व त्यांतील भेद नीट समजून घेणे आवश्यक आहे. पहिलीत तबकडीवरील चित्र व ध्वनी जसेच्या तसे काढून नव्या फाइलीत ठेवले जातात. धान्य एका डब्यातून दुसऱ्या डब्यात ओतावे तसा हा प्रकार. दाणा बदलत नाही. 'मेकएमकेव्ही' ही प्रणाली असे काम करते. तिच्या फाइलीला एमकेव्ही म्हणतात. एका फाइलीत अनेक भाषांतील ध्वनी व उपशीर्षके सामावणारी ही 'मात्रोश्का' रचना २००२ साली तयार झाली. एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून तिचे नाव पडले आहे.

दुसऱ्या पद्धतीत चित्राचे नव्याने संपीडन केले जाते. येथे धान्य दळले जाते आणि पिठाचे पुन्हा धान्य होत नाही. 'हँडब्रेक' ही यासाठीची परिचित प्रणाली होय. तिच्यात दर्जाचा एक आकडा निवडावा लागतो. आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला व फाइल मोठी. डीव्हीडीसाठी १८ ते २२ आणि ब्ल्यू-रेसाठी २० ते २४ हे आकडे प्रणालीच्या निर्मात्यांनीच सुचवलेले आहेत. जागा महाग होती त्या काळात संपूर्ण चित्रपट ७०० मेगाबाइटच्या एका सीडीत कोंबण्याची रीत होती. अशा फाइली आजच्या मोठ्या पडद्यावर डागाळलेल्या दिसतात, आणि मूळ तबकडी टाकून दिलेली असल्यास त्यावर इलाज उरत नाही. सरासरी सहा गीगाबाइट धरल्यास शंभर डीव्हीडी ६०० गीगाबाइटांत, म्हणजे १ टेराबाइटच्या एका हार्ड डिस्कमध्ये सहज मावतात. तेव्हा डीव्हीडीचे पुन्हा संपीडन करण्याचे फारसे कारण राहिलेले नाही. व्हीसीडीचे तर करूच नये. तिच्यात गमावण्याजोगे काही शिल्लकच नसते.

व्हीसीडीतील चित्रपट 'डॅट' प्रकारच्या फाइलीत असतो. दोन-तीन तबकड्यांचे भाग क्रमाने जोडून एकच एमकेव्ही फाइल करता येते. साधी नक्कल करताना संगणक खराब जागी थांबून सगळेच काम सोडून देतो. अशा वेळी 'डीडीरेस्क्यू'सारखी प्रणाली वापरतात. ती चांगला भाग आधी उतरवून घेते आणि वाईट जागांकडे नंतर पुन्हा पुन्हा वळते. एका ड्राइव्हला न वाचता आलेली तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये वाचली जाण्याचा अनुभवही सामान्य आहे.

हार्ड डिस्क केव्हाही निकामी होऊ शकते, म्हणून संग्रहाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्य तर वेगळ्या घरी ठेवतात.

दृश्य

चित्रपट सेकंदाला २४ चित्रांच्या गतीने चित्रित होतो. पाल पद्धतीच्या डीव्हीडीसाठी तो २५ चित्रांच्या गतीने पळवला जातो. त्यामुळे तीन तासांचा चित्रपट सुमारे सात मिनिटे आधी संपतो आणि ध्वनी वेगळा सुधारून घेतला नसल्यास आवाजाची पट्टी जवळजवळ पाऊण अर्धस्वराने चढते. मूळ गाणी कानात पक्की बसलेल्या श्रोत्याला हा फरक जाणवतो. एनटीएससी पद्धतीत गती जवळपास तीच राहते, पण काही चित्रांचे भाग ठरावीक क्रमाने दोनदा दाखवून ६० चा हिशेब जुळवला जातो. कॅमेरा सावकाश फिरत असताना दृश्य अडखळल्यासारखे भासते ते यामुळे. ब्ल्यू-रेवर बहुतेक चित्रपट २४ च्याच गतीने नोंदलेले असतात. मात्र दूरचित्रवाणी संच ६० च्या गतीवर ठेवला तर तेच अडखळणे परत येते. कोडीमध्ये पडद्याची गती चित्रपटाशी जुळवून घेण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. ती चालू करणे हा पैसे न खर्चता होणारा सर्वांत मोठा लाभ म्हणता येईल.

डीव्हीडीवरील चित्र पुष्कळदा एकाआड एक ओळींच्या दोन भागांत विभागलेले असते. ते भाग नीट जुळवले नाहीत तर हलत्या वस्तूंच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेषा दिसतात. हे जुळवण्याचे काम पाहताना यंत्राने करावे. उतरवताना घाईने केल्यास त्यातील दोष फाइलीत कायमचा राहतो.

पडद्यापासून बसण्याचे अंतर पडद्याच्या कर्णाच्या सुमारे १.६ पट असावे, असा एक रूढ संकेत आहे. ५५ इंची संचासाठी हे अंतर सव्वादोन मीटर भरते. व्हीसीडी पाहताना याहून बरेच मागे बसलेले बरे.

ध्वनी

बहुसंख्य घरांत खर्च पडद्यावर होतो आणि ध्वनीकडे दुर्लक्ष होते. वस्तुतः संवाद ऐकू न येणे ही घरगुती चित्रपटगृहाबद्दलची नेहमीची तक्रार आहे. '५.१' या रचनेत समोर तीन, बाजूला किंवा किंचित मागे दोन असे पाच स्पीकर व खर्जासाठी एक सबवूफर असतो. संवाद प्रामुख्याने समोरच्या मधल्या स्पीकरमधून येतात. हा स्पीकर शोकेसच्या कप्प्यात खोल ढकलला, तर शब्द घुमतात. आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार समोरचे डावे-उजवे स्पीकर श्रोत्याच्या समोरील रेषेपासून ३० अंशांवर आणि बाजूचे १०० ते १२० अंशांवर असावेत. सहा वाहिन्यांचा ध्वनी फक्त दोन स्पीकरांतून ऐकला जात असेल, तर संगणकाला तसे सांगावे लागते. अन्यथा मधल्या वाहिनीतील संवाद हरवून केवळ संगीत ऐकू येते. फाइल बिघडली असा समज करून घेण्याआधी हे तपासावे.

फाइलीतील डॉल्बी किंवा डीटीएस ध्वनी न उलगडता तसाच ॲम्प्लिफायरकडे पाठवण्याच्या सोयीस 'पासथ्रू' म्हणतात. डीव्हीडीवरील ध्वनीसाठी जुनी ऑप्टिकल तार पुरते. ब्ल्यू-रेवरील डॉल्बी ट्रूएचडी व डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे प्रकार तिच्यातून जात नाहीत. त्यांना एचडीएमआय जोडणी लागते.

खोलीचा परिणामही मोठा असतो. फरशी, सिमेंटच्या भिंती व काचेच्या खिडक्या ध्वनी परतवतात आणि शब्द एकमेकांत मिसळतात. जाड सतरंजी, पडदे, गाद्या आणि पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी बराच फरक पडतो. नवे स्पीकर घेण्यापूर्वी हा उपाय करून पाहण्यास हरकत नाही.

यंत्र व जोडणी

डीव्हीडी व ब्ल्यू-रे दाखवण्यास साधा लहान संगणक पुरेसा असतो. २०१२ साली आलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावरही हे साधते. पहिल्या आवृत्त्यांत डीव्हीडीच्या चित्रासाठी परवान्याची वेगळी किल्ली विकत घ्यावी लागे. फाइली दुसऱ्या खोलीतील संगणकावर ठेवायच्या असल्यास तारेची जोडणी वायफायपेक्षा भरवशाची ठरते. सामान्य ब्ल्यू-रेला सेकंदाला ५० मेगाबिटांहून कमी वेग लागतो, त्यामुळे १०० मेगाबिटांचे जाळे चालते. ४के ब्ल्यू-रेचा वेग मात्र १०० च्या पुढे जाऊ शकतो.

देवनागरी आणि मराठी चित्रपट

कोडी, प्लेक्स या प्रणाली फाइलीच्या नावावरून चित्रपटाची माहिती व भित्तिचित्र आंतरजालावरून आणतात. मराठी नावांचे रोमन लेखन एकसारखे होत नसल्याने येथे गोंधळ उडतो. एकाच नावाचे मराठी आणि हिंदी चित्रपट असले तर अधिकच. नावापुढे कंसात प्रदर्शनाचे वर्ष लिहिल्यास बहुधा योग्य चित्रपट सापडतो. नाटकांची नोंद अनेकदा मिळतच नाही. त्यांची माहिती एका छोट्या मजकूर-फाइलीत स्वतः लिहून ठेवता येते आणि ती देवनागरीत लिहिता येते.

डीव्हीडीवरील उपशीर्षके चित्ररूपात असतात, त्यामुळे लिपीचा प्रश्न येत नाही. वेगळ्या मजकूर-फाइलीतील मराठी उपशीर्षके मात्र युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ स्वरूपात साठवलेली हवीत व निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे हवीत. तसे नसल्यास रिकामे चौकोन दिसतात. जोडाक्षरे फुटणे किंवा ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाणे हे अक्षरजुळणी न करणाऱ्या प्रणालीचे लक्षण होय.

कायदेशीर बाजू

भारताच्या कॉपीराइट अधिनियम, १९५७ मधील कलम ५२ खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी केलेल्या उचित वापरास सूट देते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणे हा दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड यांस पात्र असा गुन्हा आहे; म्हणजे येथे हेतूला महत्त्व दिलेले आहे. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने कुलूप तोडण्यावर याहून कडक निर्बंध घातले. ब्रिटनमध्ये स्वतःच्या मालकीच्या तबकडीची खासगी प्रत करण्याची मुभा २०१४ साली देण्यात आली, पण पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. स्वतः विकत घेतलेल्या तबकडीची घरगुती प्रत आणि ती प्रत इतरांना वाटणे अथवा आंतरजालावर चढवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीस भारतीय कायद्यातील खासगी वापराची सूट लागू होत नाही. भाड्याने किंवा उसन्या आणलेल्या तबकडीची प्रत ठेवून घेणे हेही स्वतःच्या संग्रहाचे जतन म्हणता येत नाही.